आधी सोडून

आर्णीजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढतात त्या कारखान्यात, मी काट्यावर बसते. कापसाची गाडी काट्यावर उभी राहिली की वजन कॉम्प्युटरवर येतं, मी बटण दाबते, पावती निघते. एवढंच काम. पण मी नववीत शाळा सोडलेली बाई. माहेर रत्नागिरीकडचं, समुद्राजवळचं. नवरा इथे गाठी बांधायच्या प्रेसवर लागला म्हणून मी आले, आणि पहिले दोन हंगाम बायकांत बसून कापसातला कचरा वेचला.

जिनिंगचे कॉम्प्युटर बघायला यवतमाळहून एक ताई येते. तिनेच शेठला सांगितलं, "या वयनीले काट्यावर बसवा. शिकवीन मी." तिच्या शब्दावर मी त्या खुर्चीत बसले. त्यामुळे माझ्या हातून काही बिघडलं तर खुर्ची जाईलच, पण त्याआधी तिचा शब्द पडेल, ही धास्ती रोजची.

त्या दुपारी नवा प्रिंटर जोडला आणि पावती निघेना. ताईला फोन लावला. ती म्हणाली, सॉफ्टवेअर जुनं झालंय, अपडेट करावं लागेल. कॉम्प्युटरवर हुकूम लिहायची काळी खिडकी उघडायची, तिच्यात काय लिहायचं ते ती सांगत गेली आणि मी वहीत उतरवत गेले. मागे जिनिंगची घरघर, अर्धं ऐकू येतंय, अर्धं अंदाजाने. शेवटी मी वहीत लिहिलं होतं : आधी सोडून, मग अपडेट.

सोडून म्हणजे जागा सोडून. शाळेत परिच्छेदाच्या आधी बोटभर जागा सोडायला लावत, तसं असेल. मी स्पेसचं बटण चार वेळा दाबलं आणि पुढे अपडेटचे शब्द एकेक अक्षर बघून टाइप केले.

परमिशन डिनाइड.

पुन्हा केलं, जास्त जागा सोडून. पुन्हा तेच. परमिशन म्हणजे परवानगी, ते ठाऊक होतं. दुसरा शब्द मोबाइलमध्ये पाहिला. नाकारली. त्या ओळीच्या शेवटी एक प्रश्नही होता, 'आर यू रूट?', तोही मोबाइलला विचारला. मोबाइलने मराठीत सांगितलं, "तुम्ही मूळ आहात का?"

माझे हात थांबले. हा प्रश्न मला इथे दर चार दिवसांनी कोणी ना कोणी विचारतं. माझं बोलणं ऐकलं की म्हणतात, तुमी मूळच्या कुठल्या हो? त्यात वाईट काही नसतं, चहाही पाजतात. पण आता मशीनसुद्धा तेच विचारत होतं, आणि परवानगी नाकारून विचारत होतं.

बाहेर गाड्या लागल्या. मी वजन बघून हाताने पावती लिहून दिली, तर ट्रॅक्टरवाला ती उलटीसुलटी करून हसला. "हातची पावती? मंग उद्या म्या घरूनच लिवून आणतो ना!" मागचा ओरडला, "ओ बाई, काटा हाये का पोस्ट हापीस?"

तेवढ्यात शेठ आले. पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "काय म्हणते मशीन?"

"परवानगी नाही म्हणते."

"कोनाले?"

"मला."

ते खिडकीशी गेले, गाड्यांची रांग पाहिली. "पाच गाड्या होईस्तोवर नाई झालं तर सांगा. शिकलेला मानूस बसवतो. तुमाले का तरास?" रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

पुन्हा ताईला फोन करायचा तर तिला कळणार की साधं सांगितलेलंही मला जमत नाही. दोन गाड्या मी हातानेच काढल्या. तिसरी काट्यावर चढली तेव्हा फोन लावला. तोंडातून आधी "चुकले" हेच निघालं.

"काय चुकल्या? वाचून दाखवा बरं, काय लिवलं."

"तुम्ही म्हणालात तसंच. आधी सोडून, मग अपडेट."

"काय सोडून?"

"जागा."

ती हसली, खोकला येईपर्यंत हसली. "ओ वयनी! सुडो म्हनलं म्या, सुडो. 'आधी सुडो अन् मंग अपडेट'! एस, यू, डी, ओ. तो शब्द लिवला का मशीन समजते, हे बाई मालकाच्या, म्हंजे रूटच्या, हुकमानं बोलून राह्यली."

लिहिलं. मशीनने पासवर्ड मागितला. "तुमचा पासवर्ड सांगता का, ताई?"

"माहा कायले? तुमचाच टाका, सकाळी टाकता तोच. तुमाले परवानगी म्या पयल्याच दिवशी देऊन ठेवली."

पहिल्याच दिवशी. आणि मला कळलंही नव्हतं.

मी टाइप करू लागले, पण पडद्यावर काहीच उमटेना, ठिपकासुद्धा नाही. मी पुन्हा थांबले.

"काहून थांबल्या?"

"दिसत नाही काही."

"दिसत नसते. पन जाऊन राह्यलं. पुरं करा."

न दिसणारं पुरं केलं. ओळी भराभर वर सरकू लागल्या. त्या थांबेपर्यंत तिसरी आणि चौथी गाडीही हातानेच काढली. पाचवी चढली, मी बटण दाबलं आणि नव्या प्रिंटरने करकर करत कागद बाहेर ढकलला. ड्रायव्हरने तो वाचला, घडी केली, खिशात घातला आणि गाडी पुढे काढली.

शेठ दारातच उभे होते. "पुढची घ्या," एवढंच म्हणाले.

पुढची घेतली. संध्याकाळपर्यंत प्रत्येक पावतीला माझा हात बटणावर जरा अडत होता. अजून अडतो.