पोळीची अॅलर्जी कुणाला होते का?

मंगळवार, नऊ तारीख. खराडीच्या ऑफिसात दुपारचा डबा गरम करत होते. सुकट घातलेलं वांगं. मागून सई म्हणाली, “ताई, आजपासून तुम्ही जरा बाहेर जिन्यापाशी बसता का?”

सगळ्यांसमोर. हातात मोबाइल, त्यावर रिपोर्ट. कंपनीने खासगी लॅब बोलावून सगळ्यांची फूड अॅलर्जीची टेस्ट करवून घेतली होती. रक्त एकदा घ्यायचं, पदार्थांची भली मोठी यादी हातात.

“मला माशांची निघालीये. वासानेही होतं म्हणे.”

“आजवर कधी झालं?”

“झालं नाही, पण रिपोर्टमध्ये आलंय ना! आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही हो. तुम्हा लोकांना सवय असते.”

तुम्हा लोकांना.

मी मोबाइल बघितला. माशांच्या वर गहू. त्याच्या वर दूध. दोन्ही लाल. तिच्यासमोर पोळी-भाजी, शेजारी चहा.

“आणि गहू?”

“पोळीची कुणाला अॅलर्जी होते का, ताई!”

हशा. एचआरच्या मॅडमही हसल्या. मग मला म्हणाल्या, “अॅडजस्ट करा ना. हेल्थचा प्रश्न आहे.”

जिन्यात बसून जेवले.

माझ्या रिपोर्टमध्येही लाल ओळी होत्या. ज्वारी, तांदूळ, शेंगदाणे. जन्मभर खातेय, साधी खाज उठली नाही. संध्याकाळी आमच्या डॉक्टरांना दाखवला. म्हणाले, “नुसत्या या टेस्टवर अॅलर्जी ठरत नाही. रोज खाऊन पचवता ते पदार्थही यात लाल येतात. त्रास काय होतो, ते आधी विचारावं लागतं.”

मला कुणी विचारलं नव्हतं. सईलाही नाही.

लॅबने फालतू माल विकला, हे खरं. पण जिना लॅबने दाखवला नव्हता. एवढ्या लाल ओळींतून माझ्या डब्याचीच ओळ यांनी वेचून काढली. माझ्या आजीला विहिरीवरून हाकलताना सरळ जात सांगायचे. मला हाकलायला रक्त तपासून आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर लावायच्या आधी एचआरच्या मॅडमपुढे उभी राहिले.

“सईला अॅलर्जीच्या डॉक्टरांकडे पाठवा. त्यांनी माशांची अॅलर्जी सांगितली, तर इथे मासे आणणार नाही. शब्द देते. पण जिन्यात बसणार नाही. आजही नाही, तेव्हाही नाही.”

“ताई, तुम्ही फार पर्सनली घेताय.”

“उठवलंत मला. मग घेऊ कुणाच्या वतीने?”

उत्तराला थांबले नाही. जेवणाच्या खोलीत गेले, मधल्या खुर्चीवर माझी पिशवी ठेवली आणि कामाला लागले. ती आता कुणी हलवून दाखवावी.