न्यायाधीशबाईंच्या घरी पाहुणी

आमच्या घरात समुद्र दोघांचा. मी निवृत्त मरीन इंजिनियर, आणि बायको इथल्या विद्यापीठात समुद्राचा कायदा शिकवायची. परक्या बंदरात अडकवलेल्या जहाजांवरच्या माणसांचे हक्क हा तिचा खास विषय. त्यावर तिने इतकं लिहिलंय की कपाटं पुरत नाहीत. मी चिडवायचो, बाई, एकदा जहाजावर चढून दाखव, तासाभरात आडवी होशील.

मग ती युरोपातल्या एका आंतरराष्ट्रीय न्यायालयावर निवडून आली. सुनावणी असली की तिकडे जायचं, एरवी इथे पासिर रिस उपनगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये कागद वाचायचे. घरात प्रकरणांबद्दल चकार शब्द नाही. मला सगळं पेपरातून कळायचं, आणि त्याचा मला रागही यायचा. सुरुवातीची प्रकरणं मासेमारीच्या हद्दींची निघाली, त्यामुळे ती जरा खट्टू होती. अखेर तिच्या विषयाचं आलं. एका देशाने मालवाहू जहाज खलाशांसकट अडकवलं होतं. जन्मभर ज्याची तयारी केली ते समोर आलं म्हणून बाईसाहेब स्वयंपाक करतानाही गुणगुणायला लागल्या.

त्या रविवारी जवळच्याच पुंगोल उपनगरातून एक मुलगी आली. गणपतीत ओळख झालेली, तिच्या लेकीच्या वाढदिवसाला आम्ही जेवूनही आलो होतो. नवरा बोटीवर असतो हे माहीत होतं, कुठल्या ते नव्हतं. कडेवर लेक, हातात बेसनाच्या लाडवांचा डबा. चप्पल काढता काढताच म्हणाली, "काकू, हे त्याच जहाजावर आहेत. तुम्ही नुसतं..."

"पुढे बोलू नकोस," ही म्हणाली. पायात चपला सरकवल्या आणि पाहुणीला दारात तशीच सोडून लिफ्टने खाली निघून गेली.

मुलगी रडायलाच लागली. मी चहा टाकला, तो उतूही गेला. एका बाजूचं म्हणणं घरी बसून ऐकलं की न्यायाधीश न्यायाधीश राहत नाही, हे तिला समजावलं. तिला एवढंच सांगायचं होतं की नवऱ्याच्या डायबेटिसच्या गोळ्या संपत आल्यात. ते जहाजाच्या बाजूच्या वकिलांना कळव म्हटलं आणि लाडवांचा डबा परत दिला. डबा परत देताना मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी हिने न्यायालयाच्या अध्यक्षांना कळवलं, की या कुटुंबाशी आमचा घरोबा आहे, बाई घरी येऊन गेली, मी या प्रकरणात बसणार नाही. मी म्हटलं, इतकं ताणायची गरज नाही.

सुनावणी तिने घरीच लॅपटॉपवर पाहिली. एखाद्या न्यायाधीशाकडून नेमका प्रश्न विचारायचा राहिला की ती तो स्वतःशीच पुटपुटायची. पुढे जहाज सोडण्याचा आदेश झाला आणि त्या मुलीचा नवरा सुखरूप परतला.

हिच्या हातचं प्रकरण गेल्याचा माझा राग मात्र गेला नव्हता. म्हटलं, त्या पोरीने तुझ्या आयुष्यातलं एकमेव प्रकरण घालवलं.

तिने चष्मा काढला. "तुम्ही अडकला असतात, तर मीही न्यायाधीशाचं दार वाजवलं असतं. सगळा कायदा पाठ असून."