आगीचा भोंगा

त्या दुपारी शाळेच्या स्लॅबवरून भोंगा वाजला. गावातून कोणी आलं नाही. संध्याकाळी माझा भाऊ वारला.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यातलं, बेल्याच्या बाजूचं. वेचणी झाली की भाव येईपर्यंत कापूस घरातच राहतो. समोरच्या खोलीत, बाजेखाली, थेट आढ्यापर्यंत. कापसाची आग आधी दिसत नाही, आतल्या आत सरकत जाते. म्हणून अशा गावात हाकेपेक्षा लांब जाणारा आवाज लागतो. लढाईच्या काळात विमानांच्या धास्तीने शहरातल्या एका जिनिंगने हाताने फिरवायचा भोंगा आणून ठेवला होता. विमान कधी आलं नाही. जिनिंग बंद पडल्यावर तो भंगारात निघाला, तेव्हा आमच्या गावाने उचलला आणि शाळेच्या स्लॅबवर तिपाईला बोल्ट मारून बसवला. आमचं घर शाळेला लागून. त्यामुळे त्याचं तेलपाणी आधी बाबांकडे आणि बाबांनंतर दादाकडे आलं. दादा मंडल ऑफिसात, म्हणजे आमच्याकडच्या तहसिलीत, कारकून होता. मी त्याच शाळेत शिकवते.

भोंग्याला वीज लागत नाही. हँडल फिरवलं की आतली दातेरी चाकं हाताची गती कितीतरी पट वाढवून एका पंख्याला देतात. पंखा समोरून हवा ओढतो आणि कडेने फेकतो. पण बाहेर जायच्या वाटेवर खाचा पाडलेलं एक लोखंडी कडं असतं, ते हलत नाही. पंख्याच्या खाचा कड्याच्या खाचांसमोर आल्या की हवा सुटते, सरकल्या की अडते. हे सुटणं आणि अडणं इतकं भराभर होतं की त्याचाच सूर होतो. वेग वाढला की सूर चढतो. हात सैल सोडला तरी पंखा काही वेळ फिरत राहतो आणि सूर सावकाश खाली येतो. चढता-उतरता सूर म्हणजे धोका, एकसारखा सूर म्हणजे धोका टळला. विमानांसाठी ठरवलेली ही खूण गावाने आगीसाठी घेतली. चढता-उतरता ऐकू आला की घरटी एक माणूस निघायचा, हातात पाण्याची गुंडी आणि खांद्यावर भिजवलेलं पोतं. घर कोणत्या जातीच्या माणसाचं, हे तेवढ्यापुरतं कोणी विचारत नसे. एवढ्या एका बाबतीत आमचं गाव चांगलं होतं.

मग गावाला पुढारी मिळाला. त्याच्या मागे फिरणारी पोरं त्याला अन्ना म्हणत, तेलुगूतला मोठा भाऊ. डीजे भाड्याने आणावा लागतो, भोंगा फुकट, हा शोध त्यांनी अन्नाच्या वाढदिवसाला लावला. दादा स्लॅबवर गेला.

"अबे, हे आगीचं हाय. काऊन वाजवून राह्यले?"

"दादा, अन्नाचा बड्डे हाय. आग लागल्यावानीच वाजला पायजे."

त्यानंतर निवडणूक, क्रिकेटचा कप, नव्या बुलेटची पूजा, सगळ्याला भोंगा. तिपाईवर एक पाय ठेवून फोटो काढायचे आणि थांबलेल्या हँडलला एकदम हिसका द्यायचा, बंद पडलेली मोटरसायकल चालू करावी तसा. दोन सुरांचे अर्थ त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते आणि ठाऊक करून घ्यावेत असं वाटायला जे लागतं, ते त्यांच्यात नव्हतं. दादाने सरपंचाला कुलूप लावायला सांगितलं. सरपंच म्हणाला, "लोकाइची हौस हाय, दादा. तुमाले काय तरास?"

सुरुवातीला लोक धावत येत. एकदा एक म्हातारी भरली गुंडी घेऊन मिरवणुकीत येऊन उभी राहिली. पोरं तिला म्हणाली, "काकू, अन्नाचे पाय धुवाले आणलं का पाणी?" चौकभर हशा झाला. अन्नाही हसला. त्यानंतर भोंगा वाजला तरी म्हातारी ओट्यावरून उठली नाही. हळूहळू कोणीच उठेना.

अन्नाला कसल्याशा समितीवर घेतलं, म्हणून त्या दुपारी चौकात सत्कार होता. आमच्या मागच्या शेजाऱ्याच्या घरात कापूस पेटला. घरची माणसं सत्काराला गेली होती. आत बाजेवर पडून असलेला म्हातारा तेवढा होता. दादा स्लॅबवर चढला. मी हौदातून पाणी काढत होते. वरून सूर चढत होता, उतरत होता, पुन्हा चढत होता. दादा त्याही वेळी हिसका न देता फिरवत होता. चौकातल्या माइकवर कोणीतरी म्हणालं, "आयका, भोंगा बी अन्नाले सलामी देऊन राह्यला." टाळ्या वाजल्या.

दादाने थोडी वाट पाहिली. मग खाली उतरला, ओलं पोतं डोक्यावरून घेतलं आणि आत गेला. म्हाताऱ्याला त्याने दारापर्यंत ओढत आणलं, तिथून मी बाहेर घेतलं. दादा उंबऱ्याच्या आत कोसळला, मला एकटीला तो ओढवेना. धूर चौकातून दिसला तेव्हा लोक आले. गुंडी एकाच्याही हातात नव्हती. मोबाइल होते. त्यातल्या दोघा-तिघांनी मात्र ते खिशात घातले आणि दादाला बाहेर काढलं. संध्याकाळी आदिलाबादच्या दवाखान्यात तो वारला.

भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, "आमाले वाटलं, कार्यक्रमाचाच हाय." इतक्या माणसांना मिळून एक वेगळं वाक्य सुचलं नाही. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. त्यावर अन्ना हात जोडून, पुरुषभर उंच. खाली कोपऱ्यात गोल चौकटीत दादा. फ्लेक्स नेहमीच्याच साच्यात छापला होता, त्यामुळे पोरांच्या फोटोंवर "शुभेच्छुक" तसंच राहिलं होतं. कोणाच्या ते लक्षात आलं नाही. मीही सांगितलं नाही.

बौद्ध रीतीने दादाचं पुण्यानुमोदन, म्हणजे दिवसकार्य, होतं त्या सकाळी तीच पोरं दारात आली, पांढरे शर्ट घालून.

"ताई, दादाले भोंग्याची सलामी देतो. अन्ना येऊन राह्यले."

"कसा वाजवता? चढता-उतरता का एकसारखा?"



"जोरात, ताई," एक जण म्हणाला.

मी दादाचा पाना घेतला, स्लॅबवर गेले आणि हँडल काढून खाली आणलं. पोरं अंगणात उभीच होती.

"ताई, ते गावाचं हाय."

"हाय ना. आग लागली की घेऊन जा."

अन्ना आला, भोंग्याशिवाय बोलला, बराच वेळ बोलला. दादाचं नाव त्याने दोनदा विचारून घेतलं.

भोंगा स्लॅबवर आहे. हँडल आमच्या दारामागे खुंटीला आहे, पाना त्याच्या शेजारी. मी दाराला कुलूप लावत नाही.