अक्कांच्या उशाशी फिरणारा पंखा

कल्याणहून माणूस आला तेव्हा मी ठाण्यातल्या घरी ओसरीवर दाढी करून घेत होतो. "नारायणराव गेले... तापाने," तो म्हणाला. न्हाव्याचा वस्तरा थांबला. मी अर्ध्या दाढीनेच स्टेशनाकडे निघालो. नारायणाने पाहिले असते तर पोट धरून हसला असता.

नारायण माझा जुना स्नेही, कल्याणचा तारमास्तर. घरात दोघेच, तो आणि त्याची थोरली विधवा बहीण. सारे त्यांना अक्का म्हणत. अक्कांना दमा. उन्हाळ्यात श्वास कोंडला की नारायण हात भरून येईपर्यंत विंझणा हलवी. शेवटी त्याने मुंबईहून विजेवर फिरणारा टीचभर पंखा आणला. आता त्याला वीज कुठली द्यायची? गावच्या एका रावबहादुरांनी मुलाच्या लग्नात विजेचा दिवा लावला होता आणि तो पाहायला या म्हणून निमंत्रणे छापली होती. ते म्हणाले, "माझी तेजाबाची बॅटरी घ्या हो, नामी चीज आहे!" चाकरांकरवी त्यांनी ती अक्कांच्या खोलीत मांडलीसुद्धा. पंखा भिरभिरला, रावबहादुरांचा हात मिशीकडे गेला, आणि बॅटरीच्या तेजाब भरलेल्या घटांतून तांबूस धूर निघू लागला. अक्का काळ्यानिळ्या पडल्या. नारायणाने त्यांना उचलून अंगणात आणले. "अरे, वारा राहू दे," त्या पुटपुटल्या, "श्वास तेवढा ठेव."

त्यानंतर नारायणाने शिशाच्या पत्र्यांची पेटी मिळवली. ती वीज साठवते, संपली की पुन्हा भरता येते. भरताना मात्र तिच्यातूनही पेट घेणारा वायू सुटतो. म्हणून ती भरायची मागच्या उघड्या पडवीत, तारेच्या कचेरीत असतात तशा बिनधुराच्या घटांवर, दिवा लांब ठेवून. भरलेली पेटी उंबरठ्याशी टेकवून तो विचारी, "अक्का, येऊ का?" आतून "ये रे" आले की मगच आत जाऊन तार जोडी. हा त्याचा रिवाज शेवटपर्यंत चुकला नाही...

दहाव्या दिवशी नदीकाठी कावळा पिंडाला शिवेना. नारायणाच्या चुलतभावाने काशीयात्रा कबूल केली. रावबहादुरांनी वाचनालयात नारायणाची तसबीर लावण्याचे जाहीर केले. कावळ्याने पाठ फिरवली, त्यात मला काही वावगे वाटले नाही. मग रावबहादूर म्हणाले, "अन् अक्कांच्या पंख्याची चिंता नको. माझी बॅटरी पाठवतो." कावळा उठून पार पलीकडच्या बाभळीवर जाऊन बसला. मी पुढे झालो. "नारायणा, पेटी मी भरीन. पडवीतच भरीन. धुराची बॅटरी त्या खोलीत येऊ देणार नाही." बोलणे संपते न संपते तोच कावळा शिवला. भटजी माझ्याकडे पाहत राहिले. "भूक लागली असेल हो त्याला," मी म्हणालो.

आता दर रविवारी कल्याणला जातो. गेल्या खेपेस पडवीतून पेटी आणून उंबरठ्याशी टेकवली. मला धाप लागली होती, तोंडून शब्द निघाला नव्हता.

"ये रे, नारायणा," अक्का आतून म्हणाल्या. आवाज मोकळा होता.

आत पाहिले तर पंखा फिरत होता. खिडकीतून वारा आला असेल, असे मी स्वतःला बजावले. धुळीच्या भयाने ती खिडकी बारा महिने बंद असते, हे आठवायला थोडा वेळ लागला... पंख्याची तार जमिनीवर मोकळी पडली होती.

"आलो, अक्का," मी म्हणालो, आणि आत जाऊन तार जोडली.