साहेबांच्या मार्गदर्शनाखाली

राजकीय पक्षाच्या कार्यालयात ठराव हरवतात, सभासदांच्या याद्या हरवतात. किस्से मात्र, कोणी जपून न ठेवताही, साठत जातात. पक्ष टिकतो तो नियमांवर, नेत्याच्या स्वभावावर नव्हे, असे मी राज्यशास्त्राच्या वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आले. मग मीनलने मला तिच्या पक्षाच्या दिल्ली शाखेत नेले.

मीनल आणि मी दिल्लीत, मुनिरक्यातल्या एका खोलीत राहून शिकलो. पुढे मी विद्यापीठात राहिले, ती पक्षात गेली. पक्ष महाराष्ट्रातला, दिल्लीतले सगळे सभासद एका मिनीबसमध्ये मावतील. शाखाध्यक्ष आजवर साहेबांच्या फोनवर ठरत आला होता. मीनलला ते पद हवे होते, पण तसे नाही.

"मला नेमू नका, निवडा. हरले तर हरले," तिने साहेबांना सांगितले.

साहेब पक्षाचे संस्थापक आणि वृत्तीने उदार. "बिल्कुल. निवडणूक घ्या," ते म्हणाले. नियमावली लिहायला आणि निवडणूक घ्यायला, पक्षाबाहेरची म्हणून, मला बोलावले गेले.

मीनलच्या विरोधात बोरकर उभे होते. बोरकर निवृत्त सरकारी अधिकारी. भाषणात साहेब जिथे श्वास घेतात, तिथे बोरकरही घेतात.

*

एकदा मी गेले, तर कार्यालयातला चहा बिनसाखरेचा.

"साहेबांनी साखर सोडली," बोरकरांनी गंभीरपणे सांगितले. महिनाभर सगळ्यांनी तो काढा निमूटपणे घेतला. मग साहेब आले. एक घोट घेऊन त्यांनी कप खाली ठेवला.

"साखर संपली का?"

"आपण सोडलीत ना, साहेब?"

"अहो, दाढ दुखत होती. दोन दिवस."

मीनलने आपल्या ड्रॉवरमधून साखरेचा डबा काढला.

*

रक्तदान शिबिराचे पोस्टर बोरकरांनी करून घेतले. त्यावर साहेबांचा फोटो इतका मोठा, की तारखेला आणि पत्त्याला जागाच उरली नाही.

"अहो बोरकर, लोकांनी यायचं कुठे?" मीनलने विचारले.

"साहेब दिसले की लोक विचारत विचारत येतात, ताई."

लोकांनी खरोखरच विचारले. चार दिवस फोन मीनल घेत होती.

*

पानिपतला हातमाग कामगारांपुढे साहेबांचे भाषण होते. तीन गाड्या निघाल्या. वाटेत साहेबांना आठवले, की चष्मा दिल्लीतल्या घरीच राहिला. त्यांची गाडी वळली. मागच्या दोन्हीही वळल्या. घराच्या फाटकाशी साहेब उतरले, तर सगळी शाखा मागे उभी.

"तुम्ही का परत आलात?"

"आपण वळलात, साहेब," बोरकर म्हणाले. "काहीतरी विचार असणारच."

मीनल रेल्वेने गेली होती, म्हणून एकटीच वेळेवर पोहोचली. दीड तास हिंदीत बोलून तिने सभागृह धरून ठेवले. साहेब शिरले तेव्हा लोक तिच्यासाठी टाळ्या वाजवत होते. साहेबांनीही वाजवल्या. ते पाहून बोरकरांनीही.

*

नियमावलीच्या मसुद्यात मी लिहिले: "अध्यक्ष सभासदांनी निवडावा." बोरकरांनी दुरुस्ती सुचवली: "साहेबांच्या मार्गदर्शनाखाली." पुढे प्रत्येक कलमाला तीच दुरुस्ती.

"कोरमच्या कलमात मार्गदर्शन कसलं? तिथे फक्त माणसं मोजायची आहेत," मी म्हटले.

"राहू द्या ना, मॅडम. वाईट दिसत नाही."

*

मतदानाच्या दिवशी अकरा सभासद हजर होते. साहेब स्वतः त्यांपैकी एक. मी नियम वाचून दाखवला: चिठ्ठीवर उमेदवाराचे नाव लिहायचे, नाव नसलेली चिठ्ठी बाद. मीनल ताठ बसून होती. सकाळपासून तिने चहाही घेतला नव्हता.

पहिली चिठ्ठी उघडली. "साहेब म्हणतील तो." बाद. दुसरीवर तेच. तिसरीवरही. अशा एकूण नऊ निघाल्या. दहावीवर लिहिले होते, "सभासद म्हणतील तो." अक्षर मी ओळखले, निवडणूक अधिकारी म्हणून ओळखले नाही. अकराव्या चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात मीनलचे पूर्ण नाव होते.

"वैध मत एक. मीनल विजयी," मी जाहीर केले.

साहेबांनी प्रतिस्पर्ध्याकडे पाहिले. "बोरकर, तुम्ही तरी स्वतःला मत द्यायचं होतं."

"तुम्हाला विचारल्याशिवाय कसं देणार, साहेब?"

साहेब मोठ्याने हसले. मग मीनलकडे वळले. "आणि हे एक मत कोणाचं?"

मीनलने अध्यक्षांची खुर्ची पुढे ओढली आणि तीत बसली.

"मतदान गुप्त होतं, साहेब."