समान काकांची शिंक

समान काका मुलाखतीत खोटं शिंकायचे. सर्दीबिर्दी काही नाही हो, न्याय म्हणून!

काका इथे लंडनच्या एका हॉस्पिटलमध्ये एचआरला होते. नोकरभरतीचे नियम त्यांना रामरक्षेसारखे पाठ. रिटायर झाल्यावर ते ईलिंगच्या आमच्या मराठी मंडळाच्या मागे लागले. शनिवारच्या मराठी शाळेला पगारी शिक्षिका हवी होती. सेक्रेटरी म्हणाले, "माझी मेहुणी आहे की!" काका उडालेच. जाहिरात, अर्ज, मार्क, सगळं रीतसर झालं. "जे एकाला, ते सगळ्यांना," हे त्यांचं पालुपद, म्हणून ते समान काका.

मुलाखतींच्या दिवशी हॉलच्या किचनमध्ये कुणीतरी मिरचीची फोडणी दिली आणि पहिल्या उमेदवारासमोर, तिसऱ्या प्रश्नानंतर, काकांना खरीखुरी शिंक आली. झालं! बाकीच्यांना शिंक मिळाली नाही तर अन्याय नाही का? त्यांनी प्रश्नपत्रिकेवर तिथे ‘शिंक’ असं लिहिलं आणि पुढे प्रत्येकासमोर नेमाने शिंकले. उमेदवारांना चहाबरोबर द्यायची आल्याची बिस्किटं संपली, तेव्हा तसाच पुडा मिळेपर्यंत मुलाखती थांबल्या.

चौथी उमेदवार मी होते. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, दोन लहान मुलं, सीव्हीत सात वर्षांचं भगदाड. आठवड्यातून एकच दिवस, पण माझ्या नावाची नोकरी! ती नाही मिळाली तर आता जन्मभर डबेच भरायचे, असं मनाशी म्हणत मी गेले होते.

पिनर उपनगरात काका आमच्या शेजारीच राहतात. म्हणून त्यांनी पॅनेलवरच्या दोघांना आधीच लेखी कळवलं होतं, ‘या उमेदवाराच्या घरी मी अकरा थालीपिठं खाल्ली आहेत.’ मेलं, मोजली होती! मी "काका" म्हटलं तर म्हणे, "इथे काका कुणी नाही. तुम्ही बसा." एरवी कुंपणावरून "अगं ए" ओरडणारा माणूस!

तिसऱ्या प्रश्नानंतर ते "आक्छी" असं चक्क वाचून दाखवल्यासारखं शिंकले. मग कागद बघत पुढचा प्रश्न. मी घाईघाईने सांगायला लागले, "मुलांची सोय मी केलीये, म्हणजे माझी सासू—"

काकांनी दोन्ही कानांत बोटं घातली. "ऐकलं नाही! मी काही ऐकलेलं नाही! मला विचारायचा हक्क नाही, तुम्हाला सांगायची गरज नाही. शिकवता कसं, ते सांगा."

सात वर्षं सगळ्यांनी मला फक्त मुलांबद्दलच विचारलं होतं. मला तिथेच रडू आलं. ते रडणंही काकांनी बघितलं नाही. छताकडे बघत बसले. आठवड्याने पत्र आलं. नोकरी माझी होती.

पुढे मी शाळेची प्रमुख झाले. काकांनी मंडळ सोडलं. गेल्या वर्षी त्यांची बायको, आमच्या काकू, गेल्या. नंतर शाळेच्या लायब्ररीसाठी माणूस हवा होता आणि अर्जांमध्ये काकांचाही होता.

मीही पॅनेलला लिहून दिलं, ‘या उमेदवाराने माझी थालीपिठं खाल्ली आहेत. आकडा हाताबाहेर गेला आहे.’

काका इस्त्रीचा ब्लेझर घालून समोर बसले. प्रश्नपत्रिकेवर त्यांची ‘शिंक’ अजून होतीच. मी शिंकले. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली. पाचव्या प्रश्नाला मात्र ते अडखळले. "ही असती तर... घरी आता बोलायलाच कुणी—"

हे मला कुंपणापलीकडून रोज दिसत होतं. आणि मार्क देताना तेच मला धरायचं नव्हतं. मी कानांत बोटं घातली.

काका थांबले. "बरोबर," म्हणाले. दुसऱ्या उमेदवाराला एक मार्क जास्त पडला.

फोन मीच केला. "काका, नाही झालं."

 "पाचव्याला दोनच दिलेस ना?"

"दोनच."

"शाब्बास! तीन दिले असतेस तर तक्रार केली असती."

मला हुंदका आवरेना.

"अगं ए, रडतेस काय? मी आता उमेदवार नाही ना? मग थालीपीठ लाव. मागच्या दाराने येतोय. आणि आजपासून मोजणार नाही."