उडती सतरंजी, नग एक

मास्तरीणबाई आमच्या कंपनीत आल्या तेव्हा त्यांना कॉम्प्युटरचं काडीचं प्रेम नव्हतं आणि ते त्या लपवतही नव्हत्या. आयुष्याची चांगली वर्षं त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत, शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून काढली होती. गुडघे कुरकुरायला लागले, डॉक्टरांनी गाडी बंद करायला लावली, तेव्हा त्या आमच्याकडे फोनवर बसल्या. काम एकच, नव्या ग्राहकांना आमचं सॉफ्टवेअर शिकवायचं. नावाने त्यांना कुणी हाक मारत नसे. ‘मास्तरीणबाई’ म्हटलं की त्या मान वर न करता “बोला” म्हणायच्या.

आमचं सॉफ्टवेअर गोदामवाल्यांसाठी होतं. माल किती आला, किती गेला, ऑर्डर कुणाची, ट्रक कुठला, सगळं इंटरनेटवर, बसल्या जागी. कामाचं होतं, पण अगडबंब. मी त्याच्या स्क्रीन आखायची. नवा माणूस आत शिरला की त्याच्या स्वागताला पिवळ्या चौकटी उघडायच्या. हे इथे आहे, ते तिथे आहे, आता ‘पुढे’ दाबा. लोक पुढे, पुढे करत शेवटाला पोचायचे आणि आठवडाभरात गाशा गुंडाळायचे. कंपनीचे साहेब गेलेल्या ग्राहकांची यादी घेऊन आमच्या टेबलांशी फिरायचे.

एकदा रंगाच्या गोदामाच्या मालकीणबाई आमच्याच ऑफिसात शिकायला आल्या. त्यांनी सगळ्या चौकटी शहाण्या मुलीसारख्या दाबल्या आणि विचारलं, “झालं. आता करू काय?” मास्तरीणबाईंनी कपाळाला हात लावला.

“पहिल्या दिवशी आम्ही कुणाला बॉनेट उघडून दाखवत नाही,” त्या नंतर मीटिंगमध्ये म्हणाल्या. “मोकळ्या मैदानात नेतो. धडकायला काही नसतं, म्हणून माणूस स्टिअरिंगला हात लावतो. तुमच्याकडे मैदान कुठाय?”

मैदान नव्हतंच. मग आम्ही बांधायला घेतलं. प्रत्येक ग्राहकाला खऱ्या गोदामाशेजारी एक खोटं गोदाम. त्यात वाट्टेल ते करा, माल हरवा, ट्रक भलतीकडे पाठवा, रविवारी रात्री सगळं आपोआप झाडून निघणार. खोटा माल बाईंनी स्वतः भरला. चौकोनी चेंडू, न वाजणारं घड्याळ, उडती सतरंजी. साहेबांनी नाक मुरडलं, पण लोक हसायचे आणि हसता हसता दोनचार बटणं दाबून बघायचे. बाईंच्या सगळ्याच कल्पना काही अशा गोड नव्हत्या. चूक झाली की हॉर्न वाजला पाहिजे हा हट्टही त्यांचाच. तो आम्ही दोनच दिवस चालवला. एका ग्राहकाचा हिशेबनीस दचकून खुर्चीतून पडला म्हणे, आणि हॉर्न गेला. बाई पुढे बरेच दिवस माझ्याशी घुश्शात होत्या.

मैदानाच्या माथ्यावर त्यांनी एक ओळ लिहायला लावली होती: ‘इथे काहीही चुकलं तरी चालतं.’ शाळकरी वाटते म्हणून मी कुरकुर केली. त्यांनी ऐकलं नाही.

ग्राहक टिकायला लागले. साहेबांचा जीव भांड्यात पडला.

पडदेवाले काका याच काळातले. पडद्याच्या कापडाचं गोदाम, एकटा माणूस. ते रोज आत यायचे, तासन् तास काम करायचे, पण त्यांचं खरं गोदाम पाहावं तर रिकामं. बाईंनी स्पीकरवर फोन लावला.

“काका, तुमच्या गोदामात काही दिसत नाही हो.”

“भरलंय की. दर सोमवारी भरतो.”

“ते मैदान आहे. रविवारी पुसलं जातं.”

“ठाऊक आहे. म्हणून तर सोमवारी पुन्हा भरतो.”

मी शेजारच्या खुर्चीत होते. मला हसू आवरेना. बाईंनी डोळे वटारले.

“मग खऱ्यात का भरत नाही?”

“तिथे वर ती ओळ नाही ना.”

मग हळूहळू सगळं कळलं. कॉम्प्युटरचं सगळं काकू बघायच्या. त्या वर्षापूर्वी गेल्या. पुतण्या टपून बसला होता, झेपत नसेल तर गोदाम माझ्याकडे द्या म्हणत होता. आणि काकांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, एक हॉटेलवाला, येत्या एक तारखेपासून ऑर्डर फक्त आमच्या सॉफ्टवेअरमधूनच पाठवणार होता. त्या दिवशी काका खऱ्या गोदामात उतरले नाहीत, तर पडद्यांचा धंदा पुतण्याच्या हातात जाणार होता.

बाईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. “ती ओळ खऱ्यात लिहिता येणार नाही. खोटं ठरेल. पण चुकलं तर मागे येता यावं, एवढं कर.”

मी खऱ्या गोदामाला ‘मागे घ्या’ असं मोठं बटण लावलं. आजवर लावलेल्या सगळ्या बटणांमध्ये मला तेच आवडतं.

एक तारखेला सकाळी बाईंनी काकांची स्क्रीन आपल्या कॉम्प्युटरवर उघडून घेतली. “चला काका. शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. माझा पाय त्यावर आहे.”

हॉटेलची ऑर्डर आली. काका प्रत्येक बटणाआधी विचारायचे, “दाबू?” बाई म्हणायच्या, “दाबा.” एकदा रंग चुकला, निळ्याच्या जागी हिरवा. “मागे घ्या,” बाई म्हणाल्या, आणि काकांनी घेतलं. मग प्रश्नांमधलं अंतर वाढत गेलं. मी बाईंच्या स्क्रीनकडे पाहिलं. त्यांनी काकांची खिडकी कधीच बंद केली होती. त्या निवांत संत्रं सोलत होत्या.

“बाई, आहात ना?” फोनमधून आवाज आला.

“आहे.”

“ट्रक लावला. पाठवू?”

“तुमचं गोदाम आहे. तुम्ही ठरवा.”

पलीकडे बटणाचा टक् आवाज झाला. मग काका म्हणाले, “पाठवला.”

“शाबास. आता सांगते, मघापासून माझा पाय ब्रेकवर नव्हता. मला काहीही दिसत नव्हतं.”

“मला कळलं होतं,” काका म्हणाले. “संत्रं सोलल्याचा आवाज येत होता.”

बाई इतक्या हसल्या की साहेब केबिनमधून बाहेर आले.

आता ते ऑफिस तिथे नाही, साहेब नाहीत, सॉफ्टवेअरही नखशिखांत बदललं. मास्तरीणबाई दोन वर्षांमागे गेल्या. मला त्यांची फार आठवण येते, विशेषतः कुणी नवी मुलगी नव्या चौकटी आखून आणते तेव्हा. मैदान मात्र मी कुणाला हलवू दिलं नाही. पडद्यांचं गोदाम अजून काकांचंच आहे. पुतण्या आता त्यांच्या हाताखाली काम करतो.

बाई गेल्याचं मी काकांना फोनवर कळवलं होतं. तेव्हापासून दर सोमवारी त्यांच्या मैदानात, नुकत्याच झाडलेल्या त्या रिकाम्या जागेत, एक ऑर्डर येते. उडती सतरंजी, नग एक. घेणाऱ्याचं नाव, मास्तरीणबाई. रविवारी रात्री ती पुसली जाते, सोमवारी काका पुन्हा भरतात.

मी सकाळी आल्या आल्या ती उघडते आणि ‘माल पोचला’ दाबते. मग कामाला लागते.